रोआल्ड डाल : सहा पेन्सिली आणि एक झडप

ब्रिटिश बालसाहित्यिक रोआल्ड डाल याने १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या एका आत्मकथनपर लेखात, ज्यांना लेखक व्हायचे आहे त्यांच्या अंगी कोणते गुण हवेत हे सांगितले आहे. असे सात गुण तो मोजतो. कल्पनाशक्ती तल्लख हवी. लिहिलेले दृश्य वाचकाच्या डोळ्यांपुढे उभे करता आले पाहिजे. महिनोन्‌महिने एकाच कामाला चिकटून राहण्याचा दम हवा. लिहून झालेल्या मजकुरावर सहजासहजी समाधान मानू नये. घरी बसून काम करणाऱ्याची हजेरी घेणारा कोणी साहेब नसतो, तेव्हा शिस्त स्वतःच स्वतःला लावावी लागते. विनोदबुद्धी हवी, मोठ्यांसाठी लिहिताना ती नसली तरी एक वेळ चालेल, मुलांसाठी लिहिताना चालणार नाही. आणि शेवटचा गुण नम्रतेचा. आपण लिहिले ते अद्भुत आहे असे ज्याला वाटू लागले, त्याचे पुढे कठीण आहे.

हा सल्ला सुटा काढून ठिकठिकाणी छापला जातो. त्यात चूक काही नाही. पण थोडे थांबून पाहिले तर लक्षात येते, की विनोदबुद्धी सोडली तर यातले बहुतेक गुण सुताराला, गवयाला किंवा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही तितकेच लागू पडतात. डालची पुस्तके जगभरची मुले का वाचतात, याचे उत्तर या यादीत सापडत नाही. माझ्या मते त्या लेखातला सर्वांत मोलाचा सल्ला यादीत नाहीच. तो लेखात आधीच येऊन गेला आहे, आणि तो डालचा नाही, सी. एस. फॉरेस्टर या कादंबरीकाराचा आहे.

घडले ते असे. १९४२ साली डाल वॉशिंग्टनमध्ये ब्रिटिश वकिलातीत विमानदलाचा अधिकारी म्हणून काम करत होता. फॉरेस्टरला त्याच्या युद्धातल्या एखाद्या अनुभवावर अमेरिकन साप्ताहिकासाठी लेख लिहायचा होता. दोघे जेवायला बसले. पण जेवता जेवता टिपणे घेणे जमेना, तेव्हा डाल म्हणाला की मीच रात्री लिहून पाठवतो. फॉरेस्टरने त्याला बजावले, की बारीकसारीक तपशील भरपूर दे. आमच्या धंद्यात तेच कामाला येतात, अगदी त्या दिवशी बुटाची नाडी तुटलेली होती का, इथपर्यंत. डालने लिहून पाठवले आणि फॉरेस्टरने, डालच्या सांगण्याप्रमाणे, त्यातला एक शब्दही न बदलता ते छापायला दिले. एका लेखकाचा जन्म तिथे झाला.

या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे, आणि विज्ञान शिकवणाऱ्यांनी ती विसरू नये. ऑगस्ट १९४२ मध्ये छापून आलेल्या त्या लेखाच्या शीर्षकावरून आणि मजकुरावरून वाचकाची समजूत होते, की डालचे विमान लिबियात शत्रूने पाडले. प्रत्यक्षात १९ सप्टेंबर १९४० रोजी आपल्या तुकडीकडे जात असताना त्याला वाळवंटात धावपट्टी सापडली नाही. दिलेला ठावठिकाणा चुकीचा होता, इंधन संपत आले, अंधार पडू लागला, आणि उघड्या माळावर उतरताना विमान खडकावर आपटले. कवटीला तडा गेला, नाक चेपले, काही आठवडे दृष्टी गेली. शत्रूच्या गोळीचा त्यात काहीच हात नव्हता. शीर्षक आपले नव्हे असे डाल पुढे म्हणत असे, आणि १९८६ च्या आत्मचरित्रात त्याने उतरण्याची हकिगत खरी तशी सांगितली. पण तपशीलाची ताकद केवढी असते, हे इथे दिसते. तपशील जिवंत असला की वाचक विश्वास ठेवतो. मूळ घटना खरी असो वा नसो. हे हत्यार डालला पहिल्याच लेखात सापडले. त्याने ते पुढे कशासाठी वापरले, हाच त्याच्याविषयीचा खरा प्रश्न आहे.

चरित्राचा बाकीचा भाग थोडक्यात सांगतो. जन्म १३ सप्टेंबर १९१६, वेल्समधील कार्डिफजवळच्या लँडॅफ येथे. आईवडील नॉर्वेचे. दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या रोआल्ड अमुंडसेनच्या नावावरून मुलाचे नाव ठेवलेले. १९२० साली सात वर्षांची बहीण आंत्रपुच्छाच्या विकाराने गेली आणि काही आठवड्यांतच वडील न्यूमोनियाने गेले. आईने मुलांना एकटीने वाढवले. शाळा निवासी, छडीच्या. पुढे शेल कंपनीत नोकरी, तीही आफ्रिकेत दार-ए-सलाम येथे. मग विमानदल, ग्रीसमधली लढाई, डोकेदुखीमुळे मायदेशी पाठवणी, आणि वॉशिंग्टन. १९५३ साली पॅट्रिशिया नील या अभिनेत्रीशी विवाह. मृत्यू २३ नोव्हेंबर १९९०.

शाळेतली एक गोष्ट मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. रेप्टन शाळेत असताना कॅडबरी कंपनी अधूनमधून प्रत्येक मुलाला एक साधा पुठ्ठ्याचा खोका पाठवी. आत बारा चॉकलेटे असत, त्यांवर नाव नसे, फक्त क्रमांक. अकरा नवीन प्रकार आणि एक बाजारात मिळणारे, सगळ्यांच्या ओळखीचे. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे आणि आवडनिवडीचे कारण लिहायचे. हे बारावे चॉकलेट कशाला, असे वर्गात विचारून पाहावे. ते कंट्रोल होते, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना. एखादा मुलगा मुळातच सढळ हाताने गुण देणारा असेल किंवा चिक्कू असेल, तर ओळखीच्या चॉकलेटला त्याने दिलेल्या गुणांवरून ते कळते, आणि बाकीच्या अकरा आकड्यांचा अर्थ लावता येतो. प्रयोगाच्या आखणीचा हा धडा खुद्द चॉकलेटातून मिळालेली मुले जगात थोडीच असतील. डालने तो खाल्ला आणि लक्षातही ठेवला. कंपनीत कुठेतरी एक मोठी खोली असणार, तिथे पांढरे कोट घातलेली मोठी माणसे पातेली ढवळत नवी चॉकलेटे शोधत असणार, हे चित्र त्याच्या डोक्यात बसले. पस्तीसेक वर्षांनी त्यातून ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ आले. हे पुस्तक १९६४ सालचे.

त्या पुस्तकातली शोधांची खोली हे माझ्या मते त्याचे सर्वोत्तम प्रकरण आहे. कारखान्याचा मालक वोंका तिथे जसा वागतो, तसे खरोखरच संशोधक वागतात: घाईत, आनंदात, बोट बुडवून चाखत. पण इथेच एक गोष्ट खटकायला हवी. वोंका आपले अर्धेकच्चे पदार्थ कोणावर तपासतो? ऊम्पा-लूम्पा या बुटक्या कामगारांवर. च्युइंगगमच्या चाचणीत त्यांच्यातले वीस जण फुगून निळे होतात, वर उडवणारे पेय पिऊन एक म्हातारा आकाशात नाहीसा होतो, आणि वोंका हे हसत सांगतो. पहिल्या आवृत्तीत हे लोक आफ्रिकेच्या जंगलातून, भोके पाडलेल्या खोक्यांत भरून आणलेले होते. टीका झाल्यावर १९७३ च्या आवृत्तीत डालने स्वतःच त्यांचे रूप आणि मूळ देश बदलला. कातडीचा रंग बदलला, पण संमती न विचारता माणसांवर केलेली चाचणी तशीच राहिली. रेप्टनच्या मुलांना निदान हवे तेवढे चॉकलेट मिळत होते, आणि मत मांडायला कागदही. बारीक नजरेच्या या लेखकाला ऊम्पा-लूम्पांमध्ये माणूस दिसला नाही, फक्त कोरस दिसला. हा दोष त्याच्या इतर पुस्तकांतही आहे. यंत्र, खाद्यपदार्थ, प्राणी यांच्याकडे तो टक लावून पाहतो. न आवडणाऱ्या माणसाकडे, विशेषतः लठ्ठ किंवा कुरूप माणसाकडे, तो एकदाच पाहतो आणि शिक्का मारून मोकळा होतो.

२०२३ साली ब्रिटनमधील पफिन प्रकाशनाने त्याच्या पुस्तकांतले शेकडो शब्द बदलले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. शेवटी जुना मजकूरही वेगळ्या मालिकेत उपलब्ध ठेवण्याचे प्रकाशकांनी जाहीर केले. ‘लठ्ठ’ ऐवजी ‘अवाढव्य’ घातल्याने त्या मुलाची थट्टा कमी होत नाही. फक्त शब्दकोश बदलतो. त्यापेक्षा मूळ वाक्य वर्गात वाचून, इथे लेखकाने कोणाला हसायला लावले आणि का, हे मुलांना विचारणे मला बरे वाटते. मुलांना हे कळते. आपल्या वर्गातला ज्याला चिडवतात तो मुलगा ते वाक्य ऐकताना कसा बसला आहे, एवढे मात्र शिक्षकाने आधी पाहून घ्यावे.

आता त्याच्या सवयींकडे येऊ, कारण डालचे नाव निघाले की त्याच्या झोपडीची गोष्ट निघतेच. १९५४ पासून तो इंग्लंडमधील ग्रेट मिसेंडन गावी राहत असे. डिलन टॉमस या कवीची लिहिण्याची खोली पाहून आल्यावर त्याने आपल्या बागेत तशीच एक छोटी खोली बांधून घेतली. आत आईची जुनी आरामखुर्ची. युद्धातल्या अपघाताने पाठीचा कणा कायमचा दुखावलेला होता, म्हणून खुर्चीच्या पाठीला मणक्याच्या जागी भोक पाडलेले. खुर्चीच्या हातांवर आडवी फळी, तिला बिलियर्डच्या टेबलाचे हिरवे कापड लावलेले; फळीखाली पुठ्ठ्याची गुंडाळी, म्हणजे हव्या त्या कोनात ती टेकते. पाय स्लीपिंग बॅगेत, आणि पायांखाली लाकडाचे ओंडके भरलेली जुनी पेटी, ती सरकू नये म्हणून खुर्चीला बांधलेली. पडदे ओढलेले. बाजूच्या टेबलावर चॉकलेटच्या वेष्टनांच्या चांदीचा, रोज एक एक वेष्टन जोडत केलेला जड गोळा, आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या स्वतःच्या खुब्याच्या हाडाचे टोक! सकाळी दहा ते बारा आणि दुपारी चार ते सहा, एवढ्याच वेळात तो लिही. बसण्यापूर्वी सहा पिवळ्या पेन्सिलींना टोके काढायची, आणि अमेरिकेहून मागवलेल्या पिवळ्या कागदाच्या वह्यांवर लिहायचे. टंकलेखन दुसऱ्याने करायचे.

अशी वर्णने वाचून लोक त्याला लहरी म्हणतात. मला यात लहर दिसत नाही. मोडक्या पाठीच्या माणसाने रोज चार तास बसता यावे म्हणून केलेली ही उपकरणाची मांडणी आहे. वेदना, थंडी, उजेड, बाहेरचा देखावा, म्हणजे लक्ष विचलित करणारी प्रत्येक गोष्ट, एकेक करून तिने बाजूला सारली आहे. प्रयोग करणारा दुसरे काय करतो? ही खोली आतल्या सामानासकट २०१२ साली गावातल्या डाल संग्रहालयात हलवण्यात आली.

सुचलेल्या कल्पना टिपून ठेवण्यासाठी त्याच्याकडे एक जुनी शाळकरी वही होती, आणि तिच्यातली एखादी ओळ वीस वीस वर्षे पडून राही. एकदा गाडी चालवताना कल्पना सुचली, जवळ कागद-पेन्सिल नव्हती. तेव्हा त्याने गाडी थांबवून मागच्या बाजूच्या धुळीत बोटाने ‘लिफ्ट’ एवढा एकच शब्द लिहिला. त्यातून मोठ्यांसाठीची एक गाजलेली कथा झाली. आणखी एक सवय हेमिंग्वेकडून उचललेली: लिखाण रंगात आले असतानाच उठावे. पुढे काय येणार हे ठाऊक असताना थांबले, तर दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची भीती वाटत नाही. निबंधाच्या तासाला घंटा झाली की वाक्य अर्धे टाकून उठणाऱ्या मुलांना रागावण्यापूर्वी हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पुनर्लेखनाबाबत तो म्हणे, की गोष्ट संपत येईपर्यंत तिचा पहिला भाग आपण निदान दीडशे वेळा वाचून दुरुस्त केलेला असतो. हा आकडा कोणी मोजलेला नाही, पण त्याचे कच्चे खर्डे उपलब्ध आहेत आणि ते काय सांगतात ते महत्त्वाचे आहे. ‘मटिल्डा’ (१९८८) ही कादंबरी बुद्धिमान, पुस्तकवेड्या मुलीची म्हणून आपण ओळखतो. पहिल्या खर्ड्यात मटिल्डा दुष्ट होती, आपली शक्ती घोड्यांच्या शर्यतीत लबाडी करण्यासाठी वापरत होती, आणि शेवटी मरत होती. संपादकाच्या दीर्घ टिपणांनंतर डालने पुस्तक जवळजवळ नव्याने लिहिले. ज्या मिस हनीवर शिक्षक लोभ करतात, तिची शाळा अशा दुरुस्तीतून उभी राहिली आहे. (जाता जाता: मिस हनी मटिल्डाला १४ गुणिले १९ विचारते, मटिल्डा तत्काळ २६६ सांगते, पण कसे केले ते तिला सांगता येत नाही. वर्गात ती जागा सोडू नये. १४ ला २० ने गुणून १४ वजा करणारी मुले आपल्याकडेही निघतात, आणि त्यांना मात्र रीत सांगता येते!)

त्या संपादकाचे त्याने ऐकले, आणि पुस्तक मात्र दुसऱ्याच प्रकाशकाला दिले. त्याआधी १९८१ साली अमेरिकेतील क्नॉफ प्रकाशनाच्या रॉबर्ट गॉटलीबने त्याला सरळ कळवले होते, की आमच्या माणसांशी सभ्यपणे वागा, नाहीतर तुमची पुस्तके आम्हाला नकोत. सातव्या गुणाचा, नम्रतेचा, निकाल असा आहे. १९८३ साली एका ब्रिटिश साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत तो ज्यू लोकांविषयी जे बोलला ते सरळसरळ द्वेषाचे होते. त्याच्या कुटुंबीयांनी पुढे त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती २०२० साली सर्वांच्या नजरेस आली. एका समूहावर एकच शिक्का मारण्याची जी खोड पुस्तकांत विनोद म्हणून खपते, तीच इथे उघडी पडली आहे, असे मी समजतो. दोन्हींचा संबंध नाही असे म्हणणे मला पटत नाही.

आणि तरीही हाच माणूस एका यंत्राच्या इतिहासात आहे. ५ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याच्या चार महिन्यांच्या मुलाच्या, थिओच्या, बाबागाडीला टॅक्सीने उडवले. डोक्याच्या दुखापतीतून जलशीर्ष हा विकार उद्भवला. आपल्या मेंदूच्या पोकळ्यांत मस्तिष्कद्रव सतत तयार होत असतो. प्रौढ माणसात एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर द्रव असतो आणि दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतो. म्हणजे तो दिवसातून तीनदा तरी बदलतो. त्याचा निचरा थांबला की पोकळ्या फुगतात आणि मेंदू दाबला जातो. उपाय म्हणून कातडीखालून एक बारीक नळी घालून तो द्रव हृदयाकडे जाणाऱ्या शिरेत सोडतात. नळीत एकदिश झडप लागते, कारण ठरावीक दाबाला द्रव बाहेर पडला पाहिजे आणि रक्त मात्र उलटे मेंदूकडे चढता कामा नये. थिओला बसवलेली झडप म्हणजे सिलिकोन रबराला पाडलेली एक फट होती. तीही एका बापानेच शोधलेली: फिलाडेल्फियातला जॉन होल्टर हा यंत्रकारागीर, त्याच्या मुलालाही हाच विकार होता. पण थिओच्या मेंदूतून येणारे कण त्या फटीत अडकत, नळी तुंबे, मुलाची दृष्टी जाई, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. हे वारंवार झाले.

डालला छोटी विमाने उडवण्याचा छंद होता. त्यातून स्टॅन्ली वेड या अभियंत्याशी ओळख होती. वेड खेळण्यातल्या विमानांच्या इंजिनांसाठी अगदी लहान पंप बनवी, आणि ते तुंबत नसत. डालने वेडची गाठ लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील मेंदू-शल्यचिकित्सक केनेथ टिल यांच्याशी घालून दिली. तिघांच्या खटपटीतून जी झडप तयार झाली, तिच्यात फटीऐवजी धातूच्या दोन छोट्या चकत्या होत्या, सिलिकोन नळीच्या दोन्ही टोकांना एकेक. वरून, मेंदूकडून, दाब आला की चकती सरकते आणि तिच्या कडेने द्रव निघून जातो. दाब उतरला किंवा खालून उलटा दाब आला की चकती जागेवर बसते. अडकायला फटच नाही. १९६२ साली ती पहिल्यांदा बसवली गेली आणि १९६४ साली टिल यांनी ‘लॅन्सेट’ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. तिघांनी नफा घ्यायचा नाही असे ठरवले होते. दोन-तीन हजार मुलांना तिचा उपयोग झाल्याचे सांगतात. पुढे अधिक चांगल्या झडपा आल्या. थिओला स्वतःला ती लागलीच नाही. तोवर तो बरा झाला होता.

झडप डालने बनवली असे म्हणणे बरोबर नाही. त्याने दोन जाणकारांना एकत्र आणले, प्रश्न नेमका मांडला, आणि पाठपुरावा सोडला नाही. विज्ञानाच्या इतिहासात हे काम करणाऱ्यांची नावे सहसा राहत नाहीत; इथे राहिले ते तो प्रसिद्ध होता म्हणून. १९६५ साली पॅट्रिशिया नीलला मेंदूतील रक्तस्रावाने वाचा गेली, तेव्हाही त्याने शेजारीपाजाऱ्यांना पाळ्या लावून दिल्या आणि रोज कित्येक तास तिला बोलते, वाचते ठेवले. ही पद्धत निष्ठुर वाटावी इतकी कडक होती. तीन वर्षांनी ती पुन्हा चित्रपटात उभी राहिली, आणि स्वयंसेवकांच्या मदतीने असे उपचार करण्याची कल्पना ब्रिटनमध्ये त्यातून पसरली.

हा सगळा अनुभव पुस्तकांत कुठे उतरला? मला तो ‘जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन’ (१९८१) मध्ये दिसतो. हे पुस्तक त्याने जगभरच्या डॉक्टरांना अर्पण केले आहे. जॉर्ज घरातले सापडेल ते पातेल्यात ओतून आजीसाठी औषध करतो. हे वाचून मुले घरी काही ओततील ही भीती खरी आहे, आणि ती मुलांना स्पष्ट सांगावी. पण गोष्टीचा उत्तरार्ध फार कमी जणांच्या लक्षात येतो. औषध लागू पडते, वडील खूश होतात, पुन्हा कर म्हणतात. जॉर्जने काहीच लिहून ठेवलेले नसते! दुसऱ्या खेपेला कोंबडीचे पाय लांब होतात, तिसऱ्या खेपेला मान, चौथ्या खेपेला ती आक्रसते. पहिले औषध पुन्हा कधीच बनत नाही. प्रयोगवही का ठेवायची हे सांगणारी याहून बरी गोष्ट माझ्या पाहण्यात नाही, आणि डालने ती उपदेशाचा एकही शब्द न घालता सांगितली आहे.

त्याचे सर्वोत्तम लेखन मात्र मी कोणत्याही पुस्तकाला म्हणणार नाही. ते दोन पानांचे एक पत्रक आहे. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याची थोरली मुलगी ऑलिव्हिया गोवरातून झालेल्या मेंदूदाहाने गेली. ती सात वर्षांची होती. गोवराच्या हजार रुग्णांत साधारण एकाला हा मेंदूदाह होतो. अमेरिकेत गोवराची लस १९६३ साली आली, ब्रिटनमध्ये १९६८ साली. त्या वेळी प्रतिपिंडांचे इंजेक्शन मिळू शकत होते, पण घरात आले ते आजारी थिओपुरतेच. जवळजवळ चोवीस वर्षे डालने यावर जाहीरपणे फारसे लिहिले नाही. १९८६ साली, ब्रिटनमध्ये पालक लस टाळत असताना, बर्मिंगहॅमजवळच्या सँडवेल येथील आरोग्य विभागासाठी त्याने हे पत्रक लिहिले.

त्याची रचना पाहा. सुरुवात भीतीने होत नाही. मुलगी बरी होत आहे, बाप तिच्या खाटेवर बसून रंगीत तारांचे प्राणी करायला शिकवतो आहे. तिची पाळी येते तेव्हा त्याला दिसते, की तिची बोटे आणि मन एकमेकांना साथ देत नाहीत. फॉरेस्टरने मागितला तो हाच बारीक तपशील, आणि या वेळी घटनाही खरी. एका तासात ती बेशुद्ध होते, बारा तासांत जाते. स्वतःच्या दुःखाविषयी एक शब्द नाही. लगेच आकडे येतात: ब्रिटनमध्ये दरवर्षी गोवराचे सुमारे एक लाख रुग्ण, त्यांतले सुमारे वीस दगावतात. आणि लसीचा धोका? दहा लाखांत एक, हे वाचून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून तो तीन लाख वस्तीच्या जिल्ह्याचे उदाहरण घेतो आणि सांगतो, की इथे लसीमुळे गंभीर त्रास होणारे मूल २५० वर्षांत एक निघेल. हा हिशेब विद्यार्थ्यांना करून पाहायला द्यावा. हजारी तेरा जन्मदर धरला तर तीन लाख वस्तीत वर्षाला ३,९०० मुले जन्मतात. २५० वर्षांत ९,७५,०००. म्हणजे दहा लाखांच्या जवळ. त्यानंतर तो म्हणतो, की लसीपेक्षा चॉकलेट घशात अडकून मूल दगावण्याचा संभव जास्त. चॉकलेटचा लेखक म्हणून ज्याला सगळा देश ओळखत होता, त्याने हे उदाहरण सहज घेतले नसणार.

हे पत्रक आपल्याकडेही जुने झालेले नाही. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात १९८५ पासून गोवराची लस आहे. आता गोवर-रुबेलाची लस ९ ते १२ महिन्यांच्या दरम्यान आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या वस्तीत बारा ते अठरा जणांना तो देतो, त्यामुळे शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना लस पोचल्याशिवाय साथ थांबत नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडीपासून सुरू झालेल्या साथीत, मुले दगावली. पालकसभेत शिक्षक जेव्हा लसीविषयी बोलतात, तेव्हा टक्केवारी सांगावी की एका मुलाची गोष्ट सांगावी, हा प्रश्न नेहमी पडतो. डालने आधी बोटांची गोष्ट सांगितली आणि मग टक्केवारी, आणि ती आपल्याच जिल्ह्याची करून.

पत्रकाच्या शेवटी तो वाचकाला आपल्या दोन पुस्तकांची अर्पणपत्रिका उघडून पाहायला सांगतो. ‘जेम्स अँड द जायंट पीच’ १९६१ साली निघाले तेव्हा ऑलिव्हिया होती. ‘द बीएफजी’ तिला अर्पण झाले १९८२ साली.